चार वाजताची आग

“ऐका हो ऐका! उद्या चार वाजता पाटलाच्या खळ्यात आग लागणार हाय! सर्वायनं विझवाले या होऽऽ!”

कोतवालाने डफडं बडवत ही दवंडी गावभर दिली आणि अमडापूरजवळच्या आमच्या गावात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि मी नवाकोरा मास्तर. तालुक्याला आग विझवण्याचं शिक्षण घेऊन आलो होतो. ते गावाला दिल्याशिवाय मला चैन पडेना. खळ्यात काडीकचऱ्याचा ढीग रचला, विहिरीशी भरलेल्या बादल्या मांडल्या. ढीग पेटवायचा, रांग लावायची, बादल्या हातोहात पुढे सरकवायच्या. अगदी नाटकाची तालीम!

विरोध एकट्या शेजारच्या काकूंचा. त्यांची कडब्याची गंजी खळ्याच्या कुंपणाला लागूनच होती. घरी दोन बैल, आणि पावसाळ्यापर्यंत चारा तेवढाच.

“मास्तर, तुमच्या खोट्या आगीत माहा खरा कडबा जाईन ना!”

“मी आहे ना, काकू!” मी छाती फुगवली.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, कुणाच्या तरी विडीने म्हणा, ढीग आपला आपणच पेटला. त्यात वारा सुटला. ठिणग्या कुंपणाकडे उडू लागल्या. खळ्यात मी आणि काकू, दोघंच.

“आग! आग! धावा!” मी बोंबललो.

पलीकडच्या ओट्यावरून निवांत उत्तर आलं, “चार कुठं वाजले, मास्तर? जेवून राह्यलो ना!” पाठोपाठ दुसरा आवाज, “मास्तर नाटक भारी करते बे!”

कुंपण धुमसू लागलं. मी एकटा किती बादल्या ओतणार? काकूंनी पदर खोचला, विहिरीच्या कठड्यावर चढल्या आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली:

“धावा वो धावा! मास्तरनं पाटलाच्या कानाखाली वाजवली!”

अहाहा! काय गाव धावलं! उष्ट्या हातांनी, अनवाणी, लेकरं काखेत मारून. खुद्द पाटीलही धापा टाकत हजर. समोर खरी आग, हाताशी भरलेल्या बादल्या. मी तोंड उघडण्याआधीच रांग लागली, आणि तालुक्याला शिकवली होती त्याहून सरळ. गंजीच्या कडेच्या चार पेंढ्या तेवढ्या होरपळल्या. काकू उरलेल्या कडब्यावरून हात फिरवत हसत होत्या.

शेवटची बादली पाटलांनी ओतली. चिंब भिजलेले पाटील माझ्याकडे वळले, गाल चाचपला आणि म्हणाले,

“आग विझली, बेस झालं. पण मास्तर, तुमी मले मारलं कवा?”