‘पण’ न लावता

गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्याच्या खोलीत, जिची शिलाई मशीन सकाळी आठच्या ठोक्याला सुरू होई तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेत तिने एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण "सरळ उभ्या राहा, पोट आत घेऊ नका, नंतर कपडा घट्ट झाला म्हणून मलाच बोल लावाल," असं ती गिऱ्हाइकांना ज्या आवाजात सुनावे, त्यावरून हे नाव पडलं. दोन ट्रंकांवर जुन्या दाराची फळी टाकून केलेलं कापायचं टेबल, भिंतीवर क्रूस, शेजारी खिळ्याला टांगलेले कागदी नमुने. दुकान तेच आणि घरची बैठकही तीच.

मुलं कशी वाढवावीत याबद्दल तिचा एक कायदा होता. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, ज्याने घरात कुणाचं काही बिघडवलं असेल त्याने उभं राहायचं, काय केलं ते सरळ सांगायचं आणि माफी मागायची. त्यात ‘पण’ हा शब्द चालत नसे. "‘पण’ आला की माफी उसवली," ती म्हणे. देवाकडे क्षमा मागायला जायचं तर आधी घरातलं निस्तरून जावं, एवढंच तिचं म्हणणं. नवरा दुधाची गाडी चालवायचा. तो आठवड्यातून तीनदा तरी उभा राही. नऊ वर्षांची मुलगी, किडकिडीत आणि टोचून बोलणारी म्हणून टाचणी, ती तर रोजच. मास्तरीणबाई स्वतः कधी उभी राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिला स्वतःलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी टाचणीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेणं, होतं. शनिवारी पहिलं कन्फेशन, फादरपुढे आपल्या पापांची कबुली; रविवारी वेदीसमोर पांढरा फ्रॉक. आणि नेमकं त्याच आठवड्यात, सोमवारी, एका नवरीच्या जाळीच्या ओढणीला बोटभर लांबीचं भोक सापडलं. कात्रीने कापलेलं, स्वच्छ. आदल्याच दिवशी टाचणीने बाहुलीसाठी जाळीचा तुकडा मागितला होता आणि आईने नाही म्हटलं होतं.

संध्याकाळी टाचणी उभी राहिली. "मी कापलं नाही."

"मग काय, कात्रीला पाय फुटले?"

"मला नाही माहीत."

मास्तरीणबाईने भोकावर एक कापडी फूल टाकलं. नवरीला ते इतकं आवडलं की तिने दुसऱ्या बाजूलाही मागून घेतलं. ओढणीचं निभावलं, पोरीचं काही निभेना. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. शेवटी आई म्हणाली, "ठीक आहे. शनिवारी फादरना सांग. त्यांच्यापुढे तरी खोटं बोलू नकोस."

त्या रात्री टाचणीचं जेवण निम्म्यावर आलं. प्रार्थनेत तिचे ओठ हलेनात. गुरुवारी तिने गाडी धुणाऱ्या बापाला गाठलं.

"बाबा, जे केलंच नाही ते कन्फेशनमध्ये सांगितलं, तर ते खोटं बोलणं होतं का?"

"मला काय विचारतेस? मी दूधवाला!" तो म्हणाला खरा, पण हातातली बादली तशीच ठेवून आत आला आणि बायकोला शब्दन् शब्द सांगितला. "पोरगी फार अडकलीय गं. सांगितलं तरी पाप, नाही सांगितलं तरी तू आहेसच."

"मी खोटारडी पोर वेदीसमोर उभी करू?" मास्तरीणबाई म्हणाली. पण त्या दुपारी तिने एकच बाही दोनदा उलटी शिवली.

शुक्रवारी टाचणीच्याच फ्रॉकची कॉलर शिवायची होती. ती मास्तरीणबाईने गेल्या शनिवारी कापून, नमुन्याला टाचून खिळ्याला लावली होती. टाचण्या काढल्या. कागद निघाला, पांढरं अस्तर निघालं, आणि अस्तराला चिकटलेला जाळीचा एक तुकडा टेबलावर पडला. बोटभर. कॉलरच्याच वळणाचा.

पांढऱ्याखाली पांढरं. शनिवारी टेबलावर ओढणी पसरलेली होती, आणि घाईत तिने तिच्यावरच अस्तर कापलं होतं. शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगे, कात्री चालवण्याआधी खालून हात फिरवा.

प्रार्थनेच्या वेळी टाचणी सवयीने उठू लागली.

"तू बस," आई म्हणाली आणि स्वतः उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"ओढणी मी कापली. तू खरं बोलत होतीस आणि मी पाच दिवस तुला खोटारडी म्हटलं. मला माफ कर. मी मुद्दाम नाही केलं, पण—"

"‘पण’ नाही चालत, आई."

नवऱ्याने टोपीत तोंड खुपसलं. मास्तरीणबाईने हात सरळ खाली सोडले.

"नाही चालत. मला माफ कर."

टाचणीने नियमाप्रमाणे "केलं" म्हटलं, आणि मग नियमात नसलेलं केलं. आईच्या पोटाला अशी बिलगली की आईला मटकन खाली बसावं लागलं. प्रार्थना राहून गेली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं तेव्हा ताटं वाढून झाली होती. मग ताटांसमोरच म्हटली. टाचणीने दोनदा भात मागून घेतला.

"मग उद्या फादरना काय सांगशील?" बापाने विचारलं.

"माझी स्वतःची आहेत ना पापं."

"काय काय?" आईने कान टवकारले.

"ती फादरना सांगणार," टाचणी भरल्या तोंडाने म्हणाली. "तू कॉलर शिव."