चहानंतरची गोळी

माझं वजन का वाढलं हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना तर होतंच होतं. दाराशी मासळी घेऊन येणाऱ्या अर्नाळ्याच्या मावशीही टोपली उतरवता उतरवता म्हणायच्या, "भात सोड बाय, नि गरम पानी पी." मी त्यांच्याकडून बोंबील घ्यायचे आणि मुकाट्याने दार लावायचे. त्यांच्यावर कुठे चिडायचं? त्या निदान तोंडावर बोलायच्या.

मी विरारच्या एका मराठी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लग्नाआधी खो-खो खेळायचे, जिल्ह्याच्या संघात होते. सूर मारून गडी बाद करणं हे माझं काम, त्याच्या खुणा दोन्ही गुडघ्यांवर अजून आहेत. लग्न होऊन फुलपाड्याला आले, मूल झालं, नोकरी लागली, तरी मुलींबरोबर दोन डाव पळल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नसे. हे सांगायचं कारण एवढंच, की आळस हा शब्द माझ्या वाटेला कधी आला नव्हता. चाळिशी आली आणि तो रोज येऊ लागला.

आधी थकवा आला. बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाकीच्या बायका पदराने वारा घ्यायच्या आणि मी पंख्याखालून खुर्ची सरकवायचे. केस गळून न्हाणीघराची जाळी तुंबायची. आवाज असा घोगरा झाला, की प्रार्थनेच्या वेळी मी "सावधान" म्हटलं की मागच्या रांगेतली मुलं फिसकन हसायची. आणि वजन वाढत गेलं. जेवण तेवढंच, धावपळ तेवढीच, आणि ब्लाउज मात्र दर दोन-तीन महिन्यांनी उसवून सैल करायचे.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड. ग्रंथी मंदावली आहे, म्हणाले. "सकाळी एक गोळी. कायमची. आणि जरा तोंडावर ताबा ठेवा." पुढचा पेशंट तोवर दार उघडून आत आला होता.

सकाळी एक गोळी. आमच्या घरात सकाळची गोळी म्हणजे काय, ते वेगळं विचारावं लागत नाही. सासरे अंगदुखीच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायचे, त्यातून त्यांना अल्सर झाला, रक्ताच्या उलट्या झाल्या. तेव्हापासून सासूबाईंचा नियम आहे, पोटात काही गेल्याशिवाय गोळी नाही. मग ती तापाची असो नाहीतर सर्दीची. मला खात्री आहे, हा नियम आमच्या एकट्या घरात नाही. बिल्डिंगमधल्या कुठल्याही दारात जाऊन विचारा, "काहीतरी खा आणि मग गोळी घे" हेच ऐकू येईल. तशी मीही घेत होते. सकाळी आल्याचा दुधाचा चहा, त्यात बुडवून कालची पोळी, आणि कप खाली ठेवता ठेवता सासूबाईंनी पुढे केलेली गोळी. त्या कधी विसरल्या नाहीत. मी विसरले तर डब्याबरोबर पिशवीत घालून द्यायच्या.

रिपोर्ट काही सुधारेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग आणखी वाढवला. दर वेळी त्यांचा प्रश्न एकच असायचा, "खाता काय?" मी सांगायचे, भाकरी, भाजी, आमटी, कधीमधी मासे. ते हसायचे. ते हसू आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी खोटं बोलते आहे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, फक्त हसले. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मग मी काय काय केलं ते विचारूच नका. रात्रीचा भात सोडला. साखर सोडली. सासूबाई पहाटे उठून दुधीचा रस काढायच्या, तो नाक दाबून प्यायले. नणंद कुठूनतरी जवसाची पूड घेऊन आली, ती गिळली. रविवारी नवरा मला मोटारसायकलवरून राजोडीच्या किनाऱ्यावर घेऊन जायचा. वाळूत चाललं की चरबी झडते, हे त्याने मोबाईलवर बघितलं होतं. तो गाडीवर बसून वडापाव खायचा आणि म्हणायचा, "तू मार दोन फेऱ्या, मी आहे इथेच." सहलीला आलेली कुटुंबं माझ्याकडे बघायची. पाय भरून यायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि घरी येऊन काट्यावर उभं राहिलं की काटा मागच्या रविवारपेक्षा पुढेच. नवरा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "पाणी असेल गं." एकदा मी तो काटा उचलून गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवला. त्याने तो पुसून परत आणला.

त्या जूनमध्ये शाळा सुरू होताना मुख्याध्यापिकांनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी समजले.

"गैरसमज करून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण पालक विचारतात. खेळाची टीचर म्हणजे मुलांसमोर एक उदाहरण असतं ना? यंदा तुम्ही लायब्ररी बघा. ग्राउंड नवीन सर बघतील."

मी म्हणाले, "मॅडम, मला आजार आहे. औषध चालू आहे."

"अहो, थायरॉईड मलाही आहे," त्या म्हणाल्या. "इच्छाशक्ती लागते."

त्या काडीसारख्या बारीक आहेत. जन्मापासून असाव्यात. मला त्या क्षणी टेबलावरचा कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मी तो उचलला आणि चहा पिऊन टाकला. पगार तोच राहणार होता, गाऱ्हाणं तरी कुणाकडे नेणार?

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची दोन कपाटं, एक टेबल आणि मैदानाकडे उघडणारी खिडकी. खाली नवीन सर मुलींना चेंडू देऊन सावलीत मोबाईल बघत बसायचे. ज्या मुलींना मी पाचवीपासून तयार केलं होतं, त्या तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून आल्या. त्यांतली एक लायब्ररीत आली, पुस्तक न घेता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही का नाही येत?" पोरीला काय सांगणार होते मी? जाडी आहे म्हणून? "बघू," म्हणाले आणि तिला वर्गात पाठवलं. मग कपाटाच्या आड जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने.

घोगऱ्या आवाजाचं तरी काही करावं म्हणून मी वसईतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळे रिपोर्ट एका ओळीत मांडले आणि मी भाकरी, भाजी, आमटी म्हणायच्या तयारीत बसले. त्यांनी खाण्याचं विचारलंच नाही. विचारलं, "गोळी कशी घेता?"

"चहा-पोळी झाली की लगेच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी घ्यायची असते, त्या म्हणाल्या. त्यानंतर तासभर चहा नाही, दूध नाही, काही नाही. पोटात दुसरं काही असलं की ती नीट अंगी लागत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. इतके दिवस प्रत्येकाने माझ्या तोंडात काय जातं याची चौकशी केली. गोळी कशी जाते, एवढं एक वाक्य कुणी विचारलं नाही. ज्या डॉक्टरांनी डोसावर डोस वाढवला त्यांनी नाही, औषधाच्या दुकानातल्याने नाही, इच्छाशक्तीवाल्या मॅडमनी तर नाहीच. त्यांना थायरॉईड आहे ना? मग त्या सकाळी काय करतात, ते त्यांनी मला एकदा तरी सांगायचं होतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मला मेलीला काय ठाऊक? मी तुझ्या भल्यासाठीच देत होते गं." खरंच भल्यासाठीच देत होत्या, आणि म्हणून मला त्यांच्यावर ओरडताही येईना. त्या रात्री मी सगळी भांडी आपटत घासली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा नियम केला, माझा तास होईपर्यंत घरात गॅस पेटणार नाही. नवरा चहाविना चिडचिडत घरभर फिरायचा. मला त्याची जराही दया आली नाही.

हळूहळू अंग हलकं व्हायला लागलं. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज सुटला, दुपारी जाग राहायला लागली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ही गोळी बारीक करत नाही, वाटेतला अडथळा तेवढा काढते. बाकी कष्ट तुमचे. कष्ट तर मी आधीपासूनच करत होते, आता ते फुकट जाईनासे झाले. वजन उतरलं, फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकं.

आणि मग सगळे श्रेय घ्यायला पुढे आले. सासूबाईंच्या मते दुधीचा रस. नवऱ्याच्या मते राजोडीची वाळू. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तर मुख्याध्यापिका व्हरांड्यात थांबून म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलंत ना शेवटी." त्यांनी मला पुन्हा ऑफिसात बोलावलं, पुन्हा चहा मागवला आणि सांगितलं, सोमवारपासून ग्राउंड तुमचं.

मैदान मला हवं होतं. पण मी विचारलं, "मॅडम, हा आजार जन्मभराचा आहे. उद्या वजन परत वाढलं तर?"

त्यांनी साखर ढवळली. "तेव्हाचं तेव्हा बघू."

मी उठून यायला हवं होतं. "मग तुमचं ग्राउंड तुमच्याकडेच ठेवा" असं म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले, कारण खाली माझ्या मुली होत्या.

आता मी रोज मैदानावर असते. मुली पुन्हा पळायला लागल्या आहेत. सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी "सावधान" म्हणते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आता कुणी हसत नाही. मुख्याध्यापिका व्हरांड्यात येऊन उभ्या राहतात. पूर्वी त्या मुलींच्या रांगा बघायच्या. आता त्यांची नजर आधी माझ्या पोटावर येते, तिथे थोडी थांबते आणि मग रांगांकडे जाते. ती येते तेव्हा मी श्वास आत ओढून धरते. माझी काही चूक नव्हती हे मला पक्कं कळलेलं असूनही, दोनशे मुलांसमोर मी पोट आत ओढून उभी राहते. मला सगळ्यांचा राग येतो, पण त्या एका श्वासाचा जेवढा येतो तेवढा कुणाचाच येत नाही.