कोंडाकाका धावले तो दिवस

फोन आला की अग्निशमन केंद्रात सगळ्यांची धावपळ उडते. आमचे कोंडाकाका मात्र कधी धावायचे नाहीत. शर्टाच्या खिशात धानाचा कोंडा ठेवायचे. गाडीतून उतरले की चिमूटभर हवेत सोडायचे, कुठे उडतो ते बघायचे आणि मगच पाऊल टाकायचे. "पयले हवा, मंग धाव," हे त्यांचं रोजचं. खळ्यावर धान उडवणाऱ्या घरातला माणूस, वाऱ्याची चाल त्याला कुणी शिकवावी? असा माणूस असा जातो, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

एकदा भंडाऱ्याजवळ हायवेवर टँकर उलटला. खायचं तेल सांडलं समजून अख्खं गाव बादल्या घेऊन निघालं. काकांनी गाडी लांबच थांबवली आणि खिशात हात घातला. एक म्हातारबुवा खवळले, "काहून थांबून राहिले बे? फुकटचा पगार खाता का?" काकांनी शांतपणे कोंडा सोडला, वारा पाठीशी घेतला, टँकरवरची अ‍ॅसिडची पाटी वाचली आणि भोंग्यावरून ओरडले, "फेका त्या बादल्या! तेजाब हाये थे!" पळणाऱ्यांत म्हातारबुवा सगळ्यांच्या पुढे होते.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळाला तेव्हा मी नवा होतो, अंगात रग होती. तसाच आत घुसायला निघालो, तर काकांनी कॉलर धरून मागे ओढलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क, बाहेरून पाण्याचा फवारा सुरू, तेव्हा कुठे मला आणि एका साथीदाराला जोडीनं आत सोडलं. बाहेर आलो तर मलाच झापलं. "मराची घाई कायले? एक पडला का त्याले काढाले दुसरा जाते, मंग तिसरा. हिरीत असेच घरचे घर जातेत." विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचा, विझला तर खाली श्वासाला हवा नाही, पाय टाकायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

निवृत्त होऊन ते आंबागडकडे आपल्या गावी शेती करू लागले. गेल्या उन्हाळ्यात त्याच गावाहून फोन आला, जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडलाय. आम्ही पोहोचलो. बाभळीला एक शर्ट लटकत होता. खिसा फुगलेला. अरे देवा, काका?

बेशुद्ध पडला होता तो त्यांचा धाकटा भाऊ. काकांनी खाली जाऊन त्याच्या कमरेला दोर बांधला, गावकऱ्यांनी त्याला वर ओढलं. दोर पुन्हा खाली जाईपर्यंत काका कोसळले होते. मी टाकी बांधून उतरलो, त्यांना वर आणलं. उपयोग झाला नाही. भाऊ मात्र झाडाखाली श्वास घेत होता.

मला रडू आलं नाही, संताप आला. ज्यानं आम्हाला कॉलर धरून शिकवलं, त्यानंच हे करावं? काकूंवरच ओरडलो, "काकू, कंदील नाही सोडला का त्यांनी?"

"सोडला ना बाबू," काकू म्हणाल्या. "अर्ध्यातच इझला. म्या हात धरला त्यायचा. म्हनले, धाकटा हाये माहा. हात सोडवला अन् धावत गेले."

मी काकांना धावताना कधीच पाहिलं नव्हतं.