दम्याने गेलेली माणसं

मुलुंडच्या श्यामकांत कारखानीसांना एकच प्रश्न छळायचा. एका खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे दोघे भाऊ. एकाला क्षय गाठतो, दुसरा ठणठणीत. का? जंतू तर तोच. मग रक्तातच, वंशातच काही असेल का? प्रयोगशाळेतले सहकारी हसत, "औषधं आली, आता वंशावळी कसल्या काढताय?" पण गडी चिवट. पन्नास साली त्यांनी घाटकोपरच्या चाळी धरल्या आणि घरोघर विचारत सुटले, कोण कशाने गेलं?

आणि गंमत पाहा, लग्नाची मुलगी असलेल्या एकाही घरात क्षयाने कोणी मेलेलं नसे. सगळे आपले दम्याने गेलेले! क्षयाचं घर म्हटलं की मुलीला विचारतो कोण? असल्या उत्तरांवर शास्त्र कसलं उभं राहतंय! श्यामकांत अगदी रडकुंडीला येत.

खरं पहिल्यांदा सांगितलं ते प्रेमाबाईंनी. सासरे, दीर, नवरा, तिघेही क्षयाने. "पण भाऊ, माझ्या नलूचं लग्न व्हायचंय. बाहेर जाऊ देऊ नका." श्यामकांतांनी शब्द दिला. त्या भरवशावर शेजारणीही बोलू लागल्या आणि काम एकदाचं मार्गी लागलं.

तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण माणिक अंधेरीहून आली. तिच्या मुलाला, नंदकुमारला, नलू पसंत पडली होती.

"दादा, तू त्या चाळीत जातोस ना? त्या घरात तसलं काही नाही ना रे?"

काही नाही म्हणावं, तर बहिणीशी खोटं. आहे म्हणावं, तर शब्द मोडला. नलूच्या छातीचा फोटो स्वच्छ होता. पण उद्या तिच्या मुलांचं काय? छातीठोक सांगण्याइतकं शास्त्र त्यांच्याकडे होतं कुठे! ते गप्प राहिले. आपण शब्द पाळला, असंच त्यांना वाटलं. इतकी वर्षं घरोघर फिरून माणसाला एवढंही कळू नये! सोयरिकीच्या बोलण्यात गप्प बसणं हेच उत्तर असतं. माणिक अर्धा चहा टाकून उठली.

स्थळ मोडलं, आणि का मोडलं ते चाळभर झालं. श्यामकांत माफी मागायला गेले, तर त्यांना पाहून एकेक दार लागत गेलं. प्रेमाबाईंनी मात्र आत घेतलं, बसायला पाट दिला. नलू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

"भाऊ, ती वंशावळ काढा. सासरे दम्याने गेले. भावोजी दम्याने. नलूचे बाबाही दम्यानेच. लिहा."

"प्रेमाबाई, अहो..."

"लिहा म्हणते ना!"

त्यांनी लिहिलं. पुढे नोकरी संपेपर्यंत ते दुसऱ्यांच्या प्रयोगांसाठी थुंकीच्या काचा तपासत राहिले. वंशावळीचं नाव काढलं नाही. पण त्या दिवशी ते उठताना प्रेमाबाईंनी आत हाक मारली, "नलू, ऐकलंस ना? आता कुणी विचारलं, तर भाऊही दमाच सांगतील."

नलू गप्पच राहिली. या वेळी ते उत्तर श्यामकांतांना कळलं.