आयसिस देवीला नाशिकचा नारळ

स्कॅनरचा पट्टा थांबला आणि सिक्युरिटीवाल्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. कमलकाकूंच्या पिशवीत काहीतरी गोल, टणक, आत पाणी असलेलं. बेटावर जाणारी बोट सुटायला बारा मिनिटं होती. आणि टूर मॅनेजर म्हणून ही माझी पहिलीच एकटीची टूर.

थांबा, आधीचं सांगते. इजिप्तमध्ये आस्वानजवळ एका बेटावर आयसिस नावाच्या देवीचं दोन हजार वर्षांहून जुनं मंदिर आहे. संध्याकाळी तिथे लाइट शो असतो. अंधारात चालत जायचं, समोर एकेक भिंत उजळत जाते आणि स्पीकरवर गोष्ट चालू. शोला स्लॉट असतो, म्हणजे ठरलेली वेळ आणि ठरलेली भाषा. आमचा इंग्लिश स्लॉट गेला तर पुढचा फ्रेंच, आणि पहाटे आमचं फ्लाइट. आमचे बावीस जण सकाळपासून याच शोबद्दल बोलत होते. मी तर आदल्या दिवसापासून.

आमचा लोकल गाइड महमूद म्हणाला, विचार त्यांना, काय आहे ते.

"नारळ हाय," काकू म्हणाल्या. "देवीला जायचं तर दुसरं काय असणार?"

चूक माझीच. आयटिनररी, म्हणजे रोजच्या कार्यक्रमाचा कागद, मीच मराठीत टाइप केला होता. घाईत लिहून टाकलं, 'सायंकाळी देवीचं दर्शन'. काकूंनी दर्शन म्हणजे दर्शनच धरलं. नाशिकहून नारळ साडीत गुंडाळून आणला. दुपारी जेवल्या नाहीत तेव्हा मला वाटलं पोट बिघडलं. उपास होता!

सिक्युरिटीवाले म्हणाले, ही वस्तू आत जाणार नाही, इथे ठेवून जा. काकू म्हणाल्या, देवीपुढे रिकाम्या हाताने जाणार नाय, तुम्ही सगळे जा, मी बसते इथं. मी नाशिकला ऑफिसात आमच्या सरांना फोन लावला. त्यांचं उत्तर तयार होतं, एकीसाठी एकवीस जणांचा शो घालवू नकोस, बोट पकड.

सरांचं बरोबर होतं. मी काकूंना तेच सांगायला वळले, तर काकांनी मला बाजूला घेतलं. काका एकलहऱ्याच्या पॉवर प्लांटमधून रिटायर झालेले, एरवी बायकोची चेष्टा करण्यात पुढे. या वेळी हळू बोलले.

"तिच्या माहेरच्या देवीचं देऊळ धरणात गेलंय. तू टूरच्या आधी इंदिरानगरच्या मीटिंगमध्ये सांगितलंस ना, हे देऊळ धरणाच्या पाण्यातून काढलं म्हणून? तोवर ती टूरला नाहीच म्हणत होती."

सांगितलं होतं मी. दगडांवर नंबर टाकून सगळं मंदिर सुटं केलं आणि शेजारच्या उंच बेटावर तसंच्या तसं उभं केलं. मला सांगताना भारी वाटलं होतं. समोर कोण ऐकतंय, ते कळलंच नव्हतं.

सात मिनिटं.

"काकू," मी म्हटलं, "नारळ देवळाबाहेर, पायरीवरच फोडतात ना? मग बोटीत चढायची ही पायरी देवीचीच की."

काकूंनी पायरीकडे पाहिलं, पलीकडच्या बेटाकडे पाहिलं. महमूदने सिक्युरिटीवाल्यांना काय सांगितलं देव जाणे, ते दोन पावलं मागे सरकले. काकूंनी एकाच फटक्यात नारळ फोडला, पाणी नाईलमध्ये शिंपडलं आणि पहिला तुकडा स्क्रीनवाल्याच्या हातावर ठेवला. "घे रे बाबा, प्रसाद हाय."

त्याने महमूदकडे पाहिलं. खाल्ला. काकूंनी उरलेलं खोबरं डब्यात भरलं, डबा परत स्कॅनरमधून गेला आणि स्क्रीनवाला हसून म्हणाला, गो, गो. आम्ही जे पळालो! काकू सगळ्यांत पुढे.

आणि शो! काळोखात एकदम ती प्रचंड भिंत पेटल्यासारखी उजळली, तिच्यावर उंचच उंच देव कोरलेले, माझ्या अंगावर काटा. मी काकूंच्या कानात मराठी करून सांगत होते. नंबर टाकलेल्या दगडांची गोष्टही परत सांगितली.

"आमच्या देवीला नंबर टाकायला कुणी आलं नाय गं," काकू म्हणाल्या. मग डबा उघडून त्यांनी उजळलेल्या भिंतीला नैवेद्य दाखवला. ठेवला कुठेच नाही, नुसता दाखवला. झाकण लावायच्या आधी एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला. उपास सुटला.

परत आल्यावर सरांनी आयटिनररीतून 'दर्शन' काढून 'मंदिर पाहणे' केलं. कागदावर लिहिलेलं लोक खरं धरतात, हे मला पटलंय. पण आता टूरच्या आधीच्या मीटिंगमध्ये मी एक प्रश्न न चुकता विचारते, कुणाला कुठे नारळ फोडायचाय का?

मागच्या ग्रुपमध्ये तीन हात वर आले.