भास्कररावांच्या बेसमेंटमधला खून

हसू नका असं म्हणणार नाही, हसालच. पण आधी तो चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात डॉक्टर भास्करराव म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. दर रविवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही चार-पाच जोडपी जुने अमेरिकन खुनाचे सिनेमे बघतो. अगदी बोलपट नुकता बोलायला लागला तेव्हाचे. माइक म्हणे फुलदाणीत लपवायचे, त्यामुळे सगळे संशयित फुलदाणीभोवती गोळा होऊन भांडतात. मध्येच सिनेमा थांबवायचा आणि खुनी कोण ते प्रत्येकानं सांगायचं, असा आमचा नियम.

दर वेळी बरोबर कोण? भास्करराव. त्याचंही मला काही नव्हतं हो. पण गाडीत बसलं की आमची शुभा सुरू, "काय डोकं आहे त्यांचं! नाहीतर तुम्ही. फ्रीजमधलं दही समोर असून दिसत नाही." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या डोक्याबद्दल ही कौतुकाचा चकार शब्द बोललेली नाही. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

भास्करराव सिनेमाचं नाव ग्रुपवर आधीच टाकतात. गुरुवारी शुभा योगाला गेली, तसा मी तो इंटरनेटवर शोधला आणि गॅरेजमध्ये गाडीत बसून फोनवर शेवटपर्यंत बघून टाकला.

रविवारी सिनेमा थांबला. मी शांतपणे म्हणालो, "खुनी ती नर्स."

"अय्या, कशावरून?" शुभाच्या डोळ्यांत काय कौतुक होतं म्हणून सांगू! तिथंच गप्प बसायला हवं होतं मी.

"सोपं आहे. प्रेताच्या मुठीतला धागा हिरवा. नर्सची शालही हिरवी. लक्ष लागतं त्याला."

भास्कररावांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वसंतराव, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे."

पडद्यावर नर्स उभी होती. शाल राखाडी, चेहरा राखाडी. माझ्या फोनवरच्या कॉपीत कुणा हौशी माणसानं कॉम्प्युटरकडून रंग भरून घेतले होते, हे मला तेव्हा कळलं.

"घरी बघून आलात वाटतं?" भास्कररावांनी अगदी प्रेमानं विचारलं.

शुभा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "भास्करराव, खुनी राहू दे, चोर मात्र तुम्ही बरोब्बर पकडलात. मानलं तुम्हाला."

हरतो मी दर रविवारीच. या खेपेला अभ्यास करून हरलो.