कल्हई जाईपर्यंत

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वाक्य पहिल्या फटक्यात लिहिलं नाही. जन्मल्यावर ते रडले असतील, तेसुद्धा मध्येच थांबून, घसा साफ करून, पुन्हा पहिल्यापासून नीट रडले असतील, अशी माझी खात्री आहे. फणसवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी कविता होई, म्हणजे शनिवारी चांगली झालेली कविता रविवारी बिघडवली जाई. "वाक्य घासल्याशिवाय चमकत नाही," असं ते आम्हाला ऐकवायचे. त्यावर आतून त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, ओरडायची, "घासा हो, पण कल्हई जाईपर्यंत घासू नका!"

एकदा मी येणार म्हणून त्यांनी दारावर चिठ्ठी लावली. 'किल्ली शेजारी आहे' एवढंच सांगायचं होतं. पण 'शेजारी' हा शब्द त्यांना फारच बाजारी वाटला असावा. चिठ्ठीत होतं, 'कुंचिका निकटवर्तीयांच्या स्वाधीन'. निकटवर्तीय म्हणजे त्यांचा दादरचा सख्खा भाऊ असं समजून मी तडक त्याचं घर गाठलं. भावाने चहा पाजला, किल्ली कुठली असायला! हात हलवत परतलो, तर शेजारच्या मालवणी काकू दारात उभ्या. "अवो, चावी माज्याकडे आसा! चिठी वाचून धावलात खंय?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर त्यांनी कहर केला. वाडीतल्या पोरांनी मोर्चासाठी घोषणा मागितली. 'झालाच पाहिजे' साडूंना अगदीच उघडंबोडकं वाटे. त्यांनी असा लांबलचक समास बांधून दिला की पहिल्याच आरोळीला निम्म्यांचा दम संपला. एकाने विचारलं, "काका, ही उभ्यानं द्यायची की पाटावर बसून?" पोरं मुकाट्याने 'झालाच पाहिजे'वर परतली. साडूही त्यांच्यात मिसळून तेच बेंबीच्या देठापासून ओरडत होते, हे मी स्वतः पाहिलं.

त्याच दिवसांत त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, कमळचं, लग्न ठरलं. मंगलाष्टक अर्थातच बाप करणार. मला खरी काळजी लागली ती इथे, कारण बापाला पोरीसाठी जे म्हणायचं ते एकदाच म्हणता येणार होतं. पहिला खर्डा होता, 'जेथे जाशिल तू तिथे कमळ गे, नाही रडावे कधी'. लग्नात रडण्याचं नाव कशाला, म्हणून त्यांनी शेवट बदलून 'हासून राही सदा' केला. दृष्ट लागावी अशी ओळ झाली! मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई मांडवात नसते, तुळशीला पाणी घालत असते. म्हणून त्यांनी ती ओळ बायकोला स्वयंपाकघरातच म्हणून दाखवली. पोळी लाटता लाटता तिचा हात थांबला. तिथेच यांनीही थांबायचं की नाही? छे! कमळची पंकजा झाली, पंकजेची सरोजिनी, आणि शेवटी इंदीवरा. हे सगळं वरपक्षाच्या कानावर गेलं तेव्हा नवरदेवाच्या आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं. "अहो, मुलगी तीच आहे ना?"

वाडीच्या अंगणात मांडव उभा राहिला. अंतरपाट धरला गेला. साडू पुढे झाले, "इंदीवरे" म्हणाले, आणि कमळने मान वर करून बापाकडे पाहिलं. झालं! त्यांचे ओठ हलत होते, शब्द फुटेना. सगळे मुठीत अक्षता धरून उभे. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून, तुळशीच्या कुंडीपाशी उभ्या असलेल्या माझ्या मेहुणीचा आवाज आला, "जेथे जाशिल तू तिथे कमळ गे, हासून राही सदा..." दुसरा खर्डा, जसाच्या तसा. साडू उपरण्यात तोंड लपवून ओक्साबोक्शी रडले, आणि लाज कसली, मीही रडलो.

पाठवणी झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "दुसऱ्यालाच थांबायला हवं होतं गं."

"मी तेव्हाच पाठ केलं होतं," ती म्हणाली.

आता दोघंही नाहीत. घरात एकटी बसले की मला त्यांची फार आठवण येते, असं कमळ सांगते, आणि ती ओळ गुणगुणते. "आईनं केलेली आहे हो," असंही कौतुकाने म्हणते. साडूंच्या समोरसुद्धा ती असंच म्हणायची. दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतला ऱ्हस्वदीर्घही ज्यांनी कधी सोडला नाही, ते तेव्हा नुसते हसायचे. ही एक चूक त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही.